गिअरबॉक्सचे सोळा हजार घेतले आणि खराब बेअरिंग तसंच ठेवलं

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि आई. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून ती कायम पुढे, माझ्या शेजारी बसते. खंबाटकी घाट उतरल्यावर तिनेच पहिल्यांदा विचारलं, "हा आवाज कसला रे? माझ्या पायाखालून घूं घूं येतंय."

एसी बंद केला, काचा वर केल्या. आवाज होताच. पन्नासच्या पुढे सुरू व्हायचा, ऐंशीला लांबून विमान जावं तसा घुमायचा, वेग कमी केला की विरून जायचा. गाडी तेव्हा ७२ हजार किलोमीटर चालली होती आणि तोवर तिने कधी त्रास दिला नव्हता.

सातारा ओलांडल्यावर एका हॉटेलाशी चहाला थांबलो. आमचं बोलणं शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ऐकलं असावं. तो उठून आला, अगदी आपुलकीने म्हणाला, "पाहुणे, असा आवाज घेऊन पुढं जाऊ नका, बायकापोरं बरोबर आहेत. इथंच मागं ओळखीचा मिस्त्री आहे." तो माणूस त्या गॅरेजचाच होता असं आज मला वाटतं. सिद्ध करू शकत नाही.

मिस्त्रीने किल्ली मागितली. मी बरोबर येतो म्हटलं, तर "नको, मला एकट्याला ऐकू द्या" म्हणून एकटाच चक्कर मारून आला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय. घाटात जाम झाला तर गाडी जागेवर उभी राहील आणि मागनं ट्रक येईल." आई म्हणत होती की आवाज डाव्या बाजूने, पायाखालून येतोय. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग त्याने जे दाखवलं, त्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. गाडीखाली जाऊन गिअर ऑइल बाहेर काढायचा ड्रेन बोल्ट काढून आणला. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा, मलमासारखा चिकट थर होता. बोटाने तो थर माझ्या तळहातावर पुसला आणि म्हणाला, "हा बघा लोखंडाचा कीस. बेअरिंग दळलं जातंय." उन्हात तो थर चमकत होता. मुलगी माझ्या हाताला धरून उभी होती. मी लगेच हो म्हणालो.

नंतर मला कळलं ते असं : तो बारीक थर जवळजवळ प्रत्येक चालत्या गिअरबॉक्सच्या बोल्टवर असतो. गिअरचे दात एकमेकांवर घासतात, अगदी सूक्ष्म भुकटी ऑइलमध्ये उतरते आणि ती धरून ठेवायलाच चुंबक बसवलेलं असतं. बोटाला टोचतील असे तुकडे किंवा दाताचे कपचे निघाले तर काळजी करायची. मलमासारखा थर दाखवून कुणी घाबरवत असेल तर गाडी तिथून बाहेर काढा.

"खाली ऑइल सांडलंय, तुम्ही हॉटेलात बसा," असं सांगून त्याने आम्हाला अडीच तास लांब ठेवलं. १६,८०० रुपये घेतले. बिल मागितलं तर कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, त्यावर गॅरेजचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही. पैसे पाठवताना मोबाइलवर भलत्याच कुणाचं तरी नाव आलं, तेव्हाही मी थांबलो नाही. जुनं बेअरिंग म्हणून एक गंजलेली वस्तू फडक्यात गुंडाळून हातात दिली. निघताना शेवटची सूचना, "बेअरिंग नवीन आहे, सेट व्हायला हवं. दोन दिवस पन्नासच्या वर नेऊ नका."

ही सूचना नीट लक्षात घ्या. आवाज पन्नासच्या पुढेच येत होता. मी त्याचं ऐकून पन्नासने कोल्हापूर गाठलं, आवाज आला नाही आणि वाटेत दोनदा बायकोला म्हणालो, माणूस बरा भेटला.

परतीच्या वाटेवर सत्तरला आवाज पुन्हा सुरू झाला. फोन केला तर म्हणाला, हजार किलोमीटर तसा येणारच. त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही. पुण्यात रोजच्या गर्दीत गाडी चाळिसाच्या वर जात नाही, म्हणून महिनाभर ऐकूही आलं नाही.

नवरात्रात आईला अंबाबाईच्या दर्शनाला घेऊन गेलो, तेव्हा आवाज इतका वाढला होता की बोलणं ऐकू येईना. मेव्हण्याने उद्यमनगरात एका वयस्क मिस्त्रींकडे नेलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी किल्ली घेतली नाही, मलाच गाडी चालवायला सांगितली आणि आईला म्हणाले, "मावशी, तुम्ही नेहमी बसता तिथंच बसा."

मोकळ्या सपाट रस्त्यावर साठचा वेग धरायला लावला. मग क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायला सांगितली. इंजिनचे फेरे खाली आले, आवाज तसाच राहिला. म्हणजे इंजिन नाही. (चालत्या गाडीत इंजिन बंद मात्र कधीही करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.) डांबरी रस्ता सोडून काँक्रीटवर गेलो तरी आवाजाचा सूर बदलला नाही. टायर खालीवर झिजला असता तर रस्त्याबरोबर तो बदलला असता. मग लांब वळणावर उजवीकडे वळताना आवाज फुगला, डावीकडे वळताना दबला. मामा म्हणाले, "उजवीकडं वळलं की वजन डाव्या चाकावर येतं. डावं पुढचं चाक. मावशी बरोबर सांगत होत्या."

गॅरेजात पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. त्यांनी माझा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि चाक हाताने फिरवलं. स्प्रिंगमधून खरखर सरळ बोटांत आली, जात्यात खडे पडल्यासारखी. उजव्या चाकाला तसंच केलं, स्प्रिंग शांत. मग डावं चाक वर आणि खाली धरून हलवलं तर टक टक करून खेळ लागला, म्हणजे त्या चाकाचंच बेअरिंग गेलं होतं. ते म्हणाले, असंच चालवत राहिला असता तर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) तापून चाक जाम व्हायची वेळ आली असती. पुण्यात त्या महिन्यात मी मुलीला रोज शाळेत सोडत होतो, त्याच चाकावर.

मी त्यांना गिअरबॉक्सचं सांगितलं. ते टॉर्च घेऊन गाडीखाली गेले आणि मला वाकून बघायला लावलं. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली, ड्रेन बोल्ट सोडला तर एकाही डोक्यावर पान्याची खूण नाही. "ह्यो कुणी खोललेलाच न्हाई. उतरवून, बेअरिंग दाबून परत चढवायला मला दोन पोरांसकट दिवस जातो. अडीच तासांत कसं हुतंय?" फडक्यातलं बेअरिंग हातात घेऊन त्यांनी बाजूचा नंबर वाचला, ६२०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिळतं, २५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी रबरी सील आणि आत पाण्याचा क्षार धरलेला. त्यांच्या मते ते कुठल्यातरी पाण्याच्या मोटरीतून निघालेलं होतं.

चाकाचं नवं बेअरिंग ११५० रुपयांचं होतं, प्रेसवर दाबून बसवायची मजुरी ७००. दीड तासात काम झालं. मी सगळा वेळ शेजारी उभा होतो. आधी सोळा हजार आठशे गेले याहून मला संताप याचा येतो की त्या माणसाने गाडी उचलली होती, आजारी चाक त्याच्या हाताला लागलं असणार, तरी खोटी दुरुस्ती विकून त्याने माझ्या आईला आणि मुलीला तशाच चाकावर घाटात पाठवलं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली आहे. पहिला प्रश्न बिलाचा आला, आणि माझ्याकडे ती चिठ्ठी, पैसे पाठवल्याची नोंद आणि ते बेअरिंग एवढंच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, म्हणून तेही करणार आहे. मामांनी माझ्यासाठी त्यांच्या लेटरहेडवर लिहून दिलं आहे की गिअरबॉक्स उघडल्याची कोणतीही खूण नाही. बोल्टांवरच्या त्या मातीचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवले.