कोयना आणि वारणा एकदम चढतात तेव्हा कोणतं मॉडेल घ्यावं?

सांगलीत पुरावर प्रोजेक्ट करणारी मुलं एकच प्रश्न घेऊन येतात: कोयना आणि वारणेच्या पाणलोटांत एकाच वेळी अतिवृष्टी होण्याची शक्यता मोजायची कशी? प्रश्न जिवाचा आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. कोयना कराडला कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरला, सांगलीच्या अगदी खालच्या अंगाला. वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, आणि सूर्यवंशी प्लॉटातली माणसं धान्याची पोती माळ्यावर चढवू लागतात.

दर 100 झडींत एकदाच गाठली जाईल अशी पावसाची पातळी दोन्हीकडं धरा. दोन्ही पाऊस स्वतंत्र मानले, तर एकाच झडीत दोन्ही पातळ्या ओलांडणं 10,000 झडींत एकदा. हे गणित घेऊच नका. कमी दाबाचा एकच पट्टा कोयनेच्या पाणलोटातल्या नवजालाही झोडपतो आणि वारणेच्या पाणलोटातल्या चांदोलीलाही.

खरी निवड दोन कॉप्युलांत आहे. कॉप्युला म्हणजे दोन पावसांची एकमेकांशी असलेली जोड सांगणारं सूत्र. गाउसियन सोपा, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो. गंबेल टोकाकडं, म्हणजे अतिवृष्टीकडं, जास्त लक्ष देतो. उदाहरणापुरता केंडॉलचा टाऊ (दोन्ही पाऊस किती एकत्र चढतात-उतरतात याचं माप) दोन्हींत 0.5 धरला, तर दोन्ही पातळ्या एकदम ओलांडणं गाउसियन सांगतो सुमारे 365 झडींत एकदा, गंबेल सांगतो सुमारे 170. आकडेवारी तीच, मधल्या पावसात दोघांचं बऱ्यापैकी जुळतंही. पण पातळी वाढवत नेली की गाउसियनमधली जोड विरत विरत शून्याकडं जाते. गंबेलमध्ये, कोयनेनं पातळी ओलांडली असेल तर वारणेनंही ओलांडण्याची शक्यता सुमारे 59 टक्क्यांखाली उतरतच नाही. पुराच्या कामाला गाउसियन घेणं मला धोक्याचं वाटतं. तो नेमका त्याच दिवशी हात सोडतो.

महाबळेश्वर, नवजा, चांदोली अशी तीन-चार ठिकाणं एकत्र घ्यायची असतील तर हेफरनन आणि टॉन यांची 2004ची सशर्त पद्धत बरी. एका ठिकाणी टोक गाठलं तर बाकीच्यांचं काय, हे ती विचारते. टोकाची जोड टिकते की विरते हे आधी ठरवून टाकावं लागत नाही. मेहनत मात्र दुप्पट: उंबरठा (टोक कुठून मानायचं ती पातळी) बदलून बदलून निकाल तपासावे लागतात.

जत-आटपाडीकडं ऊन आणि कोरड एकत्र अभ्यासायची असेल तर पावसाचं चिन्ह उलटं करा, म्हणजे कमी पाऊस हेच टोक ठरेल; पद्धती याच.

दोन चुका टाळा. वर्षातले कमाल आकडे जोडीनं घेऊ नका, एक जुलैतला आणि दुसरा सप्टेंबरातला निघतो. त्याच तीन दिवसांची बेरीज दोन्हीकडं घ्या. आणि धरणाचा विसर्ग पावसासारखा हाताळू नका. दरवाजे माणूस उघडतो.

मॉडेल बसवण्याआधी नवजा-चांदोलीचे तीन-तीन दिवसांचे पाऊस क्रमांक लावून आलेखावर ठिपक्यांनी मांडा. वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपके दाटले असतील तर गंबेल घ्या.