आंब्याखाली काय लावावं? मोंडो, मनी प्लांट की एकपानी

फोंड्याजवळच्या आमच्या घरामागे दोन आंबे आणि एक फणस. खाली बारा महिने सावली आणि उघडी लाल माती. पावसात तिचा चिखल होतो आणि तो पायांबरोबर थेट स्वयंपाकघरात येतो. लॉन लावून बघितलं. चवथीपर्यंत विरळ झालं, दिवाळीला दिसेनासं झालं. लॉनच्या गवताला ऊन लागतं, आणि आंबा काही ते खाली सोडत नाही.

मग सावलीत पसरणारी, वर्षभर हिरवी राहणारी झाडं शोधायला लागले. नर्सरीत प्रत्येक झाडाबद्दल "सावलीत चालेल" असंच सांगतात. खोटं नसतं ते, पण आपल्याकडे खरी अडचण पाण्याची आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. डिसेंबरपासून मेपर्यंत जवळजवळ कोरडं. त्यात झाडाखालची माती आणखी सुकते, कारण असेल तो ओलावा आंब्याची मुळं ओढून घेतात. म्हणजे एकाच रोपाने चार महिने पाण्यात उभं राहायचं आणि पाच-सहा महिने तहान काढायची.

माझी पहिली पसंती मोंडो गवत. नाव गवताचं असलं तरी हे गवत नव्हे, म्हणून कापावं लागत नाही. गर्द हिरव्या बारीक पात्यांचे झुबके, उंची साधारण वीतभर. बुटकी जात तर तीन-चार बोटंच. अधूनमधून पाय पडला तरी चालतो. वर पडलेला पातेरा (वाळकी पानं) हिराच्या केरसुणीने हलक्या हाताने ओढला की निघतो, आणि आंब्याखाली राहणाऱ्याला याची किंमत कळते. उणीव एकच, पण मोठी: फार सावकाश वाढतं. १५ सेंटीमीटरवर एक झुबका धरला तर चौरस मीटरला चव्वेचाळीसेक लागतात, आणि जमीन मिटायला वर्ष-दीड वर्ष जातं. खर्च वाचवायचा तर भरलेली कुंडी घ्या, माती झटका, मुळांसकट पाच-सहा तुकडे करा. मी ते केलं, पण ऐन जुलैत आणि पागोळ्यांच्या रेषेत लावलं. एका रात्रीच्या पावसाने निम्मे झुबके उपटून गेटपाशी नेऊन टाकले. सकाळी छत्री धरून गोळा करत होते. आता सांगते, मृगाच्या सरी बसल्या की लगेच लावा, म्हणजे मोठ्या पावसाआधी मुळं धरतात. किंवा सप्टेंबरअखेर लावा आणि पहिला उन्हाळा पाणी घाला.

घाई असेल तर मनी प्लांट किंवा सिंगोनियम (बाणासारख्या पानांचा वेल). दोन्ही फुकटात मिळतात, गाठीगाठीला मुळं फुटतात, एका पावसाळ्यात कोपरा भरतो. मार्चमध्ये पानं थोडी मलूल होतात, पण मरत नाहीत. पातेरा पानांखाली आपसूक दडतो, झाडायची गरजच नाही. मग नको का म्हणते? एक, वेल खोडाला लागला की वर चढतो आणि वर गेला की पानं सुपाएवढी होतात. दर दोन महिन्यांनी ओढून काढावा लागतो. दोन, चिकाने खाज सुटते आणि कुत्र्या-मांजरांनी चघळलं तर तोंड पोळतं. तीन, दाट पानांखाली काय बसलंय ते दिसत नाही. फुरसं आणि घोणस आपल्याकडे आहेत, तेव्हा पायवाटेला आणि दाराला लागून हे नकोच. कुंपणाकडच्या, कोणी न जाणाऱ्या कोपऱ्यात खुशाल लावा.

पिवळ्या फुलांचा वेडेलिया मात्र लावूच नका. दिसतो सुंदर, पण सावलीत फुलं कमी आणि पसारा जास्त. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. छाटलेली फांदी वहाळाकडे टाकली तर तिथेही रुजतो. (सिंगोनियमची छाटणीही तिकडे टाकू नका.)

न्हाणीमागची ओल हा वेगळाच विषय. तिथे काय विकत आणावं या विचारात मी असताना शेजारच्या काकी म्हणाल्या, "पैसे कशाला घालतेस गो? एकपानी येते तिथे आपसूक." एकपानी म्हणजे मंडूकपर्णी, बाजारात ब्राह्मी म्हणूनही विकतात, पण नीरब्राह्मी निराळी. गोल, कातरलेल्या कडांची पानं; दाट सावलीत देठ लांबतात आणि पानं मोठी होतात. ओल आहे तोवर तिच्यासारखी गालिचा घालणारी दुसरी नाही. ओल गेली की एप्रिलमध्ये करपते, म्हणून आंब्याखाली तिचा उपयोग नाही. चटणीसाठी खुडायची असेल तर साबणाचं पाणी जाणार नाही अशा जागची खुडा.

रोहियो (वरून हिरव्या, खालून जांभळ्या पानांचं झुडूप) कोरड्या सावलीत तगतो, पण पाणी तुंबलं तर कुजतो. चिऱ्यांच्या उंच कडेला ठीक. नेचे पावसात बहारदार, मेमध्ये तपकिरी. रानहळद आणि कचोरा देखणे खरे, पण पावसाळा सरला की पानं वाळतात आणि कंद जमिनीत झोपतो. बारमाही हिरवं हवं असेल तर ते यात मोडत नाहीत.

काहीही लावलंत तरी आंब्याच्या बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवा आणि मुळांवर मातीचा ढीग करू नका. दोन बोटं शेणखत पुरे. माझ्याकडे आता पायवाटेला मोंडो, कुंपणाला मनी प्लांट, न्हाणीमागे एकपानी. पागोळ्यांखाली मी खडी टाकली आहे. तिथे पुन्हा काही लावायची हिंमत नाही.