खुराड्याला षटकोनी जाळी की वेल्डमेश?

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या वहिनींना प्रश्न पडलाय: परसातल्या सहा कोंबड्यांसाठी कुठली जाळी घ्यावी?

षटकोनी जाळी स्वस्त, हलकी, हातानं वाकते. पण ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर नाही; दोन कुत्री भिडली की तार फाटते. वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून केलेली चौकोनी जाळी, महाग, कापायला कटर नि वेळ लागतो, पण दातांना दाद देत नाही. अर्धा इंची भोकांची घेतलीत तर मुंगूसही अडतं. बडोद्याच्या पावसात गंज दोन्हींना, म्हणून जस्ताचा मुलामा बघाच.

कुत्री खालून उकरतात, हे मात्र सगळे विसरतात! जाळी फूटभर पुरा, नाहीतर बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट पसरून वर विटा ठेवा.

दिवसा तुम्ही समोर असताना फिरायच्या आवाराला षटकोनी पुरे. रात्रीच्या खुराड्याला वेल्डमेशच, वहिनी.