लहानग्याच्या पोटाच्या तक्रारीवर ‘असहिष्णुता चाचणी’: आमचे ३६,०३० रुपये कसे गेले

सुरुवातीचा सल्ला १,२०० रुपये, ‘नव्वद पदार्थांची असहिष्णुता चाचणी’ (म्हणजे कोणते अन्न शरीराला सोसत नाही हे सांगणारी) ७,८०० रुपये, तीन महिन्यांच्या ‘आतडे पुनर्बांधणी कार्यक्रमा’चे आगाऊ १८,५०० रुपये, भुकटीचे तीन डबे प्रत्येकी २,३५० प्रमाणे ७,०५० रुपये आणि थेंबांची एक बाटली १,४८० रुपये, असे एकूण ३६,०३० रुपये नागपुरातील एका ‘बाल पोषण सल्लागारां’नी आमच्या मुलाच्या पोटाच्या तक्रारीसाठी आमच्याकडून घेतले. पावती फक्त पहिल्या १,२०० रुपयांची मिळाली. उरलेले ३४,८३० रुपये यूपीआयने एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर गेले, आणि ‘पावती व्हॉट्सॲपवर टाकतो’ असे ज्यांनी हसतमुखाने सांगितले होते, त्यांनी ती आजपर्यंत टाकलेली नाही. संस्थेची पाटी दारावर असताना पैसे व्यक्तीच्या खात्यावर मागितले गेले, तर तेथूनच मागे फिरावे.

असे धंदे कसे चालतात हे नागपूरकरांना मी वेगळे सांगायला नको. केस वाढवणारे, उंची वाढवणारे, गुडघे बरे करणारे सगळे आपण पाहिलेले आहेत आणि त्यांना हसलेलोही आहोत. मी स्वतः हिशेबनीस आहे; दुसऱ्यांची बिले तपासण्याचाच मला पगार मिळतो. तरीही आम्ही तेथे गेलो, कारण पावणेदोन वर्षांच्या मुलाला उलटी-जुलाबाचा जोरदार झटका येऊन गेल्यानंतर त्याचे पोट काही केल्या ताळ्यावर येईना. ताप गेला, उलट्या थांबल्या, पण दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शी, तीत गाजराचे तुकडे आणि मटारची साले जशीच्या तशी, आणि बूड लालभडक. आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी वजन केले, पोट दाबून पाहिले आणि ‘मूल खेळते आहे, काळजी करू नका, थोडे थांबा, बाहेरचे काही देऊ नका’ असे सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावले. सल्ला चुकीचा नव्हता, हे आता कळते. परंतु रात्री धुण्याच्या ढिगासमोर बसलेल्या आईला ‘थांबा’ हा उपचार वाटत नाही, आणि नेमकी हीच जागा हे लोक हेरतात. धंतोली-रामदासपेठेत जेथे पावलोपावली दवाखाना आहे, त्या शहरात माझ्यासारखी बाई फलक पाहून भलत्याच जिन्याने वर चढते, ती काही अडाणीपणामुळे नव्हे.

पश्चिम नागपुरातील ते ठिकाण एका दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर होते. पांढरा कोट, भिंतीवर आतड्याचे मोठे चित्र, मुलांसाठी खेळणी, सारे काही होते. गृहस्थ स्वतःला कोठेही डॉक्टर म्हणवत नव्हते. कार्डावर ‘बाल पोषण व वेलनेस सल्लागार’ असे छापले होते. हा चतुरपणा किती उपयोगी असतो, ते मला पुढे सरकारी टेबलांसमोर उभे राहिल्यावर समजले. त्यांनी आमचे म्हणणे पाऊण तास ऐकून घेतले. मग एक फॉर्म भरून घेतला: मूल सकाळी काय खाते, दुपारी काय खाते, कोणता पदार्थ रोज आणि कोणता कधीतरी. त्यानंतर बोटातून रक्ताचे चार थेंब एका कागदावर टिपले आणि अहवाल येईपर्यंत ‘दूध जरा कमी करा’ असे सांगितले.

अहवाल रंगीत होता. लाल, पिवळा, हिरवा असे तीन रकाने, प्रत्येक पदार्थापुढे आडवी पट्टी आणि आकडा. लाल रकान्यात गहू, तूरडाळ, गाईचे दूध, केळे, बटाटा आणि लॅक्टोज, म्हणजे आम्ही फॉर्मवर ‘रोज’ म्हणून लिहिलेले जवळजवळ सगळे. हिरव्या रकान्यात क्रॅनबेरी, राय, कॉड मासा असे आमच्या घरात कधीही न आलेले पदार्थ. आणि त्याच हिरव्या रकान्यात, गव्हाच्या लाल पट्टीपासून जेमतेम दोन बोटांच्या अंतरावर, रवा होता. मैदा पिवळ्यात होता.

तो कागद मी सासूबाईंना वाचून दाखवत होते. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर करून विचारले, “गव्हाची पोळी चालत नाही अन् रव्याचा शिरा चालते? रवा का ज्वारीचा बनते व माय?”

याहून सरळ प्रश्न कोणत्याही तज्ज्ञाने विचारला नसता. मी तोच प्रश्न फोनवर त्या सल्लागारांना विचारला. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले की, दळताना आणि चाळताना प्रथिनाची रचना बदलते, म्हणून शरीर रव्याला ओळखत नाही. रोज कागदोपत्री तफावती पकडणाऱ्या मला हे उत्तर पुरेसे का वाटले, याचा विचार मी कितीतरी रात्री केला आहे. मला वाटते, त्या वेळी माझ्या हातात पहिल्यांदाच काहीतरी लिहिलेले होते. आधीच्या सर्वांनी ‘बघू’, ‘होईल’, ‘थांबा’ असे म्हटले होते, आणि या माणसाने नव्वद ओळींचा कागद दिला होता. सासूबाईंना मी ‘आई, तुम्हाला यातले कळत नाही’ असे म्हणाले, ते मात्र पैशांपेक्षाही जास्त सलते.

आता त्या चाचणीविषयी. रक्तातील आयजीजी नावाची प्रतिपिंडे (शरीर बाहेरच्या पदार्थांविरुद्ध तयार करते ती प्रथिने) मोजून असे अहवाल तयार करतात. ही प्रतिपिंडे, मूल जे खाते त्याच्याविरुद्ध निरोगी शरीरातही तयार होतात. ती असणे म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झालेली असणे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून जो पदार्थ रोज खाल्ला जातो तोच लाल येतो. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितले आहे की, या प्रकारच्या चाचणीवरून अन्नाची ॲलर्जी किंवा असहिष्णुता ठरवू नये. आमच्या बाबतीत तर रक्ताचा थेंबही न तपासता नुसता फॉर्म पाहून तो अहवाल रंगवता आला असता, आणि तसेच झाले असावे असा माझा दाट संशय आहे. त्याहून कहर म्हणजे लॅक्टोज. लॅक्टोज ही दुधातील साखर आहे. ती न पचण्याचे कारण आतड्यातील लॅक्टेज या विकराची कमतरता हे असते, त्यात प्रतिपिंडांचा संबंध येत नाही. त्यामुळे अशा अहवालात लॅक्टोजची ओळ असणे हाच त्याच्या खोटेपणाचा पुरावा आहे. कोणाच्या हाती असा कागद आला, तर सर्वप्रथम ती ओळ शोधावी.

पुढचे थोडक्यात सांगते. गहू, डाळ, दूध, केळे, बटाटा बंद. तूप-तेलही ‘आतड्याला विश्रांती’ म्हणून जवळजवळ बंद. त्या जागी भाताची पेज, शिजवलेली दुधी, आणि दिवसातून तीनदा ती भुकटी पाण्यात कालवून. ‘ताकद राहावी’ म्हणून सफरचंदाचा डबाबंद रस हवा तितका देण्याची परवानगी होती, आणि उन्हाळा असल्यामुळे मूल तो दिवसभर मागत होते. शी कमी झाली नाही, उलट वाढली. सल्लागार म्हणाले, ‘विषद्रव्ये बाहेर पडत आहेत, हे चांगले लक्षण आहे.’ मुलाचे वजन ११.२ किलोवरून १०.४ किलोवर आले. उपचारामुळे त्रास वाढल्यावर जो माणूस तुमचे अभिनंदन करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

शेवटी माझ्या नणंदेने बळजबरीने आम्हाला मुलांच्या पोटविकारांच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी वाढीचा तक्ता पाहिला, मग शीत रक्त येते का, मूल झोपेतून उठून शी करते का, हे विचारले, आणि त्यानंतर दिवसभरात काय काय प्यायला देता ते विचारले. रसाचे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले. सफरचंदाच्या रसात फ्रुक्टोज ही फळातील साखर जास्त असते आणि सॉर्बिटॉल हा साखरेसारखा गोड पदार्थही असतो. ते लहान आतड्यात पूर्ण शोषले गेले नाही की पाणी ओढून घेते आणि शी पातळ होते. त्यांनी भुकटीचा डबा मागवून घेतला. मागच्या बाजूला, भिंग लावल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, घटकांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर सॉर्बिटॉल होते. जुलाबावर म्हणून २,३५० रुपयांना घेतलेल्या डब्यात पोट ढिले करणारी साखर! त्याच डब्यावरचा अन्न परवाना क्रमांक मी घरी येऊन मोजला. तो १४ अंकी असतो. यावर तेरा अंक होते.

मुलाला सिलिएक आजार (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा) नाही, याची डॉक्टरांना खात्री करायची होती. त्यासाठीची रक्तचाचणी आहारात गहू चालू असतानाच विश्वासार्ह ठरते, आणि आमच्या मुलाचा गहू त्या माणसाने बंद करून ठेवला होता. परिणामी साध्या तपासणीआधी मुलाला सुमारे सहा आठवडे पुन्हा रोज गहू द्यावा लागला. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गहू सोडू नये, हे मी आता भेटेल त्या प्रत्येक आईला सांगते. चाचणी स्वच्छ आली. निदान झाले ते लहान मुलांच्या कार्यात्मक अतिसाराचे, ज्यात आतडे निरोगी असते, मूल हसते-खेळते, पण शी पातळ आणि न पचलेल्या तुकड्यांची होते. सुरुवातीच्या संसर्गानंतर काही आठवडे दूध न पचण्याचा तात्पुरता प्रकारही झाला असावा, असे त्यांचे मत पडले. उपचार असा: रस पूर्ण बंद, तूप-तेल पुन्हा सुरू, वरण-भात, पोळी, दही नेहमीसारखे. त्या सल्ल्याची फी ८०० रुपये होती. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना रस देऊच नये असे म्हटले आहे, हेही तेथेच समजले. संत्र्यांच्या शहरात हे कोणी आपल्याला सांगत नाही. आपल्याकडे रस म्हणजे औषधच.

मुलाचे पोट सुधारले, आणि मग मी पैसे मागायला गेले. कार्यक्रमाच्या कागदावर ‘फरक न पडल्यास रक्कम परत’ असे छापलेले होते. मला सांगण्यात आले की, मी कार्यक्रम मध्येच सोडल्यामुळे अट मोडली. वजन घटल्याचे दाखवले तर ‘सूज उतरली’ असे उत्तर मिळाले.

त्यानंतरचा राग या गृहस्थांवरचा कमी आणि यंत्रणेवरचा जास्त आहे. पोलीस ठाण्यात मला विचारले गेले, “मॅडम, पैसे तुम्ही स्वतःहूनच दिले ना?” फसवणुकीत पैसे स्वतःहूनच दिले जातात, हिसकावले तर त्याला लूट म्हणतात. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ याचसाठी आहे, असे मी नम्रपणे सांगितले, तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून अर्ज परत हातात ठेवला. अन्नपदार्थांशी संबंधित कार्यालयात म्हणाले की चाचणी हा अन्नपदार्थ नाही, आणि डब्याचे म्हणाल तर न फोडलेला डबा आणा. न फोडलेला डबा कोठून आणायचा? मुलाला खाऊ घालण्यासाठीच तो घेतला होता! दुसऱ्या कार्यालयात सांगितले की, भुकटी औषध नसल्यामुळे विषय त्यांचा नाही. तिसऱ्या ठिकाणी, जेथे डॉक्टरांविरुद्ध तक्रार घेतात, तेथील बाबूंनी कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले की हे डॉक्टरच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर आमचा अधिकार चालत नाही. म्हणजे शिकून, नोंदणी करून डॉक्टर झालेल्याने चूक केली तर त्याला जाब विचारता येतो, आणि काहीही न शिकता मुलाचे अन्न बंद करणारा मोकळा. नोंदणीशिवाय उपचार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ पासून आहे, असे मी म्हटले; तेव्हा ‘मग लेखी द्या, पाहू’ एवढेच उत्तर आले. लेखी दिले. पोचशिक्क्यासाठी साहेब जेवून येईपर्यंत थांबले. सिव्हिल लाइन्समध्ये भर उन्हात एका इमारतीतून दुसरीत जाताना माझ्या मनात एकच प्रश्न होता, की नोकरी करणाऱ्या बाईने अर्ध्या दिवसाच्या रजा किती काढायच्या, आणि ज्यांना रजा मिळत नाही त्यांनी काय करायचे.

सध्या तक्रार ग्राहक आयोगाकडे आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तेथे शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असेही नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. तो पुढे जोडता येतो. मला उपयोगी पडले ते यूपीआयचे व्यवहार क्रमांक, तो रंगीत अहवाल, रिकामा डबा, आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या कागदावर तारखेसह लिहिलेले मुलाचे वजन. फोनवरचे बोलणे उपयोगी पडले नाही, कारण ते कोठेच नोंदलेले नव्हते. म्हणून अशा माणसाकडून प्रत्येक सूचना लिहून मागावी.

त्या जिन्यावर माझ्याआधी आणि नंतरही लहान मुले कडेवर घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडे तसाच अहवाल असेल, तर त्यात गव्हाची आणि रव्याची ओळ शेजारी ठेवून पाहावी, डबा टाकून देऊ नये, आणि आपली तक्रार स्वतंत्रपणे दाखल करावी. एकटीची तक्रार ‘गैरसमज’ म्हणून बाजूला सारणे सोपे जाते. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.