.३२ पिस्तुलाचं क्लीनिंग किट: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

परवान्यावरच्या .३२ पिस्तुलासाठी घेतलेलं हे साधं किट: तीन तुकड्यांचा अ‍ॅल्युमिनियम रॉड, ब्राँझचा ब्रश, सुती मॉप, चिंधी ओवायची सुई आणि तेलाची बाटली. रॉड आणि ब्रश पैसे वसूल. बाटली मात्र बोगस. झाकणातून तेल पाझरतं आणि थेंबाऐवजी धार पडते. इंजेक्शनची सिरिंज वापरा, पण तेल ऐन वेळी भरा. भरून ठेवलं तर आतलं रबर फुगून दट्ट्या जाम होतो.

बोर (नळीच्या आतला व्यास) बघूनच किट घ्या. .३८ चा ब्रश .३२ च्या नळीत रेटला की अडकून बसतो.

साफ करण्याआधी पिस्तूल रिकामं करा: आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) ओढायची. क्रम उलटला तर चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाला बसलेली) गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी तिच्या जागी चढते. चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळी घालूनही तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. उघडताना रिकॉइल स्प्रिंगवर (स्लाइड पुढे ढकलणारी) अंगठा दाबून धरा; सुटली तर थेट डोळ्याकडे येते.

नळीत सॉल्व्हेंटची (मळ सोडवणारं द्रावण) ओली चिंधी फिरवून १० मिनिटं थांबा. मग ब्रश चेंबरकडून तोंडाकडे ८-१० वेळा, दर वेळी पूर्ण आरपार. मध्येच उलटा ओढला तर तारा मुडपतात. नळी तोंडाकडूनच साफ करावी लागत असेल तर रॉड काठावर घासू देऊ नका, नेम तिथेच बिघडतो. त्यानंतर कोरड्या चिंध्या, पांढरी निघेपर्यंत. जुन्या सुती बनियनचे सव्वा इंची तुकडे उत्तम. टॉवेलचे धागे सुटतात. अमोनियाचं सॉल्व्हेंट असेल तर ते ब्राँझचा ब्रशच खातं. ब्रशच्याच तांब्याने चिंधी निळी-हिरवी निघते आणि मळ समजून माणूस नळी उगाच घासत बसतो.

खरा घोळ तेलात होतो. पिस्तूल कमी तेलानेच नाही, जास्त तेलानेही अडतं. स्लाइडच्या प्रत्येक खाचेत १ थेंब, नळीच्या बाहेरून बोटाने पुसट थर, बस्स. मे महिन्यात तेल पातळ होऊन ओघळतं, त्यावर काळ्या मातीची धूळ आणि कापसाची रुई बसून काळा लगदा होतो, आणि स्लाइड पूर्ण पुढे जात नाही. फायरिंग पिनच्या भोकात आणि मॅगझिनमध्ये तेल अजिबात नको. पिनचा ठोका मंदावतो, काडतुसाची टोपीही (जिच्यावर पिन आपटते ती) खराब होऊ शकते.

जवसाचं तेल तर नकोच, ते वाळून वॉर्निशसारखं चिकटतं. खोबरेल डिसेंबरच्या रात्री गोठतं. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालतं, पण पातळ असल्याने फार टिकत नाही. रॉकेलने मळ निघतो. नंतर कोरडं पुसून तेलाचं बोट फिरवलं नाही तर गंज ठरलेला.

पावसाळ्यात वापर नसला तरी १५ दिवसांनी उघडून पुसा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. सुती फडकं आणि सिलिका जेलची पुडी पुरते. निवडणुकीत ठाण्यात जमा करायचं असेल तर तेवढ्यापुरता नळीतही तेलाचा थर द्या, आणि परत आल्यावर चालवण्याआधी तो पुसून काढा.

खोलीत चूल, दिवा, उदबत्ती नको. हात साबणाने धुतल्याशिवाय खर्ऱ्याची पुडी उघडू नका. बोटांवरचं ते काळं म्हणजे शिसंही असतं.

जोडल्यावर रिकामंच ३-४ वेळा ओढून बघा, सेफ्टी लावून ट्रिगर दाबा, हॅमर पडता कामा नये. हॅमर आणि त्याला अडवून धरणाऱ्या सिअरकडचं काम परवानाधारक कारागिराचं, त्याला हे किट उपयोगी नाही.

ब्राँझचा ब्रश आता नळीत सैल जातो, म्हणजे बदलायला झाला. सुटा मिळतो, घेताना रॉड सोबत न्या, कारण आटे सगळ्यांचे सारखे नसतात.