हिमगौरीचा सेल घ्यावा, रेखाटन घ्यावं की मूर्ती?

डिस्नेचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स', म्हणजे आपल्या ओळखीचा 'हिमगौरी आणि सात बुटके', २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. त्याची चित्रं आणि मूर्ती आजही विकत मिळतात. काही घ्यायचं मनात असेल तर किमतीच्या आधी एक गोष्ट विचारा: ही वस्तू चित्रपटातून आलेली आहे की चित्रपटावरून केलेली?

पेन्सिलीचं मूळ रेखाटन आणि कॅमेऱ्याखाली गेलेला रंगीत सेल, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर रंगवलेलं चित्र, या चित्रपटातून आलेल्या वस्तू. सिरीसेल आणि जिक्ले या छापील प्रती, चिनी मातीच्या किंवा रेझिनच्या मूर्ती या चित्रपटावरून केलेल्या. दुसऱ्या प्रकारात कमीपणा काही नाही. घरात रोज डोळ्यांसमोर ठेवायला त्याच जास्त सोयीच्या. अडचण अशी की विक्रेते दोन्हींना सर्रास 'ओरिजिनल' म्हणतात, आणि मग पहिल्या प्रकारचा भाव मोजून दुसऱ्या प्रकारची वस्तू घरी येते.

मूळ सेल: सगळ्यात मौल्यवान आणि सगळ्यात नाजूक

सेल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पातळ ताव. पुढच्या बाजूने शाईच्या रेषा ओढायच्या, ताव उलटा करून मागून रंग भरायचा, मग तो पार्श्वचित्रावर ठेवून कॅमेऱ्याने टिपायचा. हिमगौरीच्या काळातला हा ताव सेल्युलोज नायट्रेट या जुन्या प्लास्टिकचा होता. नायट्रेट जुना होतो तसा पिवळा पडतो, आकसतो, त्याला लाटा येतात, आणि तो चटकन पेट घेतो. त्यावरचा रंग डिंकाच्या आणि पाण्याच्या मिश्रणातला. ताव आकसतो, रंग त्याच्याबरोबर आकसत नाही, म्हणून पोपडे सुटतात. सलग रंगाचा जाड थर असलेल्या जागा आधी पाहा: हिमगौरीचे काळे केस, बुटक्यांचे डगले.

आता तिचा चेहरा जवळून बघा. गालावरची लाली रेषेच्या आत भरलेली नाही. स्टुडिओच्या इंक अँड पेंट विभागातल्या स्त्रियांनी ती वेगळी, हलक्या हाताने लावलेली आहे, आणि तिची कड हवेत विरल्यासारखी दिसते. केसांच्या कडेलाही कोरड्या ब्रशचे पुसट फटकारे आहेत. हे सगळं काम पुढच्या बाजूला, उघड्यावर आहे. धूळ दिसली म्हणून ओला कपडा फिरवला की जी गोष्ट बघून आपण सेल घेतला तीच पुसली जाते. पुढची बाजू पुसायची नाही, मागची तर नाहीच. मऊ, कोरड्या ब्रशने कडेची धूळ झटकायची. बाकीचं काम कागद आणि प्लास्टिक हाताळणाऱ्या संवर्धकाकडे सोपवायचं.

या चित्रपटाचे सेल बाजारात आले ते मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्व्हॉझिए गॅलरीमार्फत. गथ्री कुर्व्हॉझिए यांचा डिस्नेशी करार १९३८ मध्ये झाला. विक्रीसाठी तयार करताना बरेच सेल पात्राच्या बाह्यरेषेलगत कापले गेले आणि लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर किंवा एअरब्रशने, म्हणजे रंग फवारून, रंगवलेल्या पाटीवर चिकटवले गेले. यालाच संग्राहक 'कुर्व्हॉझिए सेट-अप' म्हणतात. त्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, मागची पाटी चित्रपटातली नाही. ती गॅलरीसाठी केलेली सजावट आहे. पडद्यावर दिसलेलं मूळ पार्श्वचित्र आणि त्याच दृश्यातला सेल एकत्र मिळणं फार दुर्मीळ, त्याचा भावही निराळा. वर्णनात नुसतं 'बॅकग्राउंडसह' लिहिलेलं असेल तर बॅकग्राउंड कुणाचं ते लेखी विचारा.

दुसरी, सेल कापलेला आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. नव्या संग्राहकाला पेग होल, म्हणजे कागद आणि सेल जागेवर बसवायची भोकं, दिसली नाहीत की धास्ती वाटते. कुर्व्हॉझिए सेट-अपमध्ये ती नसणंच नेहमीचं. त्याऐवजी मागचं छापील लेबल पाहा, आणि लेबलावर किंवा शिक्क्यात 'डब्ल्यूडीई' (वॉल्ट डिस्ने एंटरप्रायझेस) अथवा 'डब्ल्यूडीपी' (वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स) ही अक्षरं आहेत का ते पाहा. फ्रेम नवी करताना मागचा पुठ्ठा बदलून लेबलासकट टाकून दिला तर अस्सलपणाचा अर्धा पुरावा कचऱ्यात जातो. कारागिराला हे आधी, स्पष्ट शब्दांत सांगा.

घेण्यापूर्वी बाजूने तिरपा उजेड टाकून काढलेला फोटो मागवा. समोरून सपाट दिसणारा सेल तिरप्या उजेडात लाटा, उचललेला रंग आणि पार्श्वपाटीला चिकटलेले डाग लपवू शकत नाही. वास शक्य असेल तर घ्याच. आंबूस किंवा झोंबणारा वास म्हणजे प्लास्टिकचं विघटन सुरू झालेलं आहे. त्यापुढची पायरी म्हणजे आम्ल ओळखणारी पट्टी: सेलजवळ बंद पाकिटात दिवसभर ठेवली की ती निळी राहते, हिरवी होते किंवा पिवळी पडते. पिवळी पडली तर तो सेल स्वस्त मिळाला तरी नको.

रंग पुन्हा भरलेला असणं हा दोष धरू नका. नव्वद वर्षांच्या आसपासच्या वस्तूला कुणाचा तरी हात लागलेला असणारच. दोष आहे तो लपवण्यात. कोणता भाग, किती, आणि कुणी भरला हे लेखी मिळालं पाहिजे.

रेखाटन: ज्याकडे लोक दुर्लक्ष करतात

पहिलीच वस्तू घेत असाल तर आमचा कल स्पष्टपणे पेन्सिलीच्या रेखाटनाकडे आहे. अभिनय इथे आहे. सात बुटक्यांच्या चालण्याबोलण्यामागे फ्रेड मूर आणि बिल टायटला या अ‍ॅनिमेटरांचा हात होता. सेलवर रेषा ओढली ती दुसऱ्या कुणीतरी, त्या रेखाटनावरून उतरवून. कागद नायट्रेटपेक्षा कितीतरी शांत स्वभावाचा. तो पिवळा पडतो, कडा ठिसूळ होतात, पण त्याला लाटा येऊन रंग गळत नाही. आणि एरवी त्याच पात्राचा सेल ज्या भावात मिळतो, त्याच्या बऱ्याच खालच्या भावात रेखाटन मिळतं.

खुणा अशा पाहा: खालच्या कडेला किंवा वर पेग होल, खालच्या उजव्या कोपऱ्यात क्रमांक, आणि ग्रॅफाइटबरोबर लाल, निळ्या किंवा हिरव्या पेन्सिलीच्या रेषा. या रंगीत रेषा शोभेच्या नाहीत. सावली कुठे पडेल, एक रंग संपून दुसरा कुठे सुरू होईल हे रंगवणाऱ्यांना कळावं म्हणून त्या काढलेल्या आहेत. कागद उजेडासमोर धरला की १९३० च्या दशकातल्या बऱ्याच तावांमध्ये 'मॅनेजमेंट बाँड' असा जलचिन्हाचा मजकूर दिसतो. छापील प्रत ओळखायला भिंग घ्या: पेन्सिलीची रेघ कागदाच्या उंचवट्यांवर तुटत तुटत जाते, छापलेली रेघ बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते.

रेखाटनात एक निवड करायची असते. कच्चं रेखाटन जोरकस, खोडलेलं, पुन्हा ओढलेलं असतं. पक्कं रेखाटन स्वच्छ, एकाच रेषेचं. भिंतीवर पक्कं उठून दिसतं म्हणून लोक तेच घेतात. हालचाल कशी घडते ते समजून घ्यायचं असेल तर कच्चं घ्या. पात्राचे डोळे उघडे आहेत ना, चेहरा समोर किंवा पाऊण वळलेला आहे ना, पूर्ण आकृती आहे का, हे दोन्हींत पाहावं. पाठमोरा डॉक (सात बुटक्यांपैकी एक) पुढे विकायला अवघड जातो.

सिरीसेल, हाताने रंगवलेली मर्यादित आवृत्ती, जिक्ले

यांत फार गुंता नाही. सिरीसेल म्हणजे सेलवर स्क्रीन प्रिंटिंगने छापलेलं चित्र. आवृत्ती बहुतेकदा २,५०० किंवा ५,००० प्रतींची. मर्यादित आवृत्तीचा हाताने रंगवलेला सेल खराखुरा हातकामाचा, सहसा काही शे प्रतींचा, पण तोही कॅमेऱ्याखाली गेलेला नाही. जिक्ले म्हणजे उत्तम प्रतीचं इंकजेट प्रिंट, कॅनव्हासवर किंवा जाड कागदावर. सिरीसेल उलटा करून पाहिला की रंगाचा थर एकसारखा, सपाट दिसतो. हाताने भरलेल्या रंगात ब्रशचे ओघळ आणि जाडीतला फरक हातभर अंतरावरूनही कळतो.

भिंतीवर उजेड असेल, घरात कुणी वस्तू हाताळत असेल, आणि चित्र नुसतं आवडतं म्हणून हवं असेल तर जिक्ले घ्या आणि निश्चिंत राहा. 'पुढे किंमत वाढेल' म्हणून मात्र सिरीसेल घेऊ नका. हजारोंच्या संख्येने छापलेली वस्तू दुसऱ्यांदा विकताना तिच्या प्रमाणपत्राला फारसं वजन नसतं.

मूर्ती: चिनी माती विरुद्ध रेझिन

मूर्तींमध्ये निवड बहुतेकांसाठी दोन घराण्यांत येऊन थांबते.

वॉल्ट डिस्ने क्लासिक्स कलेक्शन १९९२ मध्ये सुरू झालं. नवीन मूर्ती आता निघत नाहीत, जे मिळतं ते जुन्या संग्रहांतून. चित्रपटातल्या रूपाशी या मूर्ती फार प्रामाणिक आहेत: बोटांचा बाक, पापणीचा झोल, झग्याच्या घड्या पडद्यावरच्या रेषेशी जुळतात. तळाला वर्षाचं चिन्ह असतं: १९९२ साठी चाक, १९९३ साठी क्लेफ हे संगीतलिपीतलं चिन्ह, १९९४ साठी फूल. एकच मूर्ती वेगवेगळ्या वर्षांच्या चिन्हांसह सापडते आणि आधीच्या चिन्हाला मागणी सहसा जास्त असते, म्हणून तळाचा फोटो मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका. खोका आणि प्रमाणपत्र हवंच. ते नसलं तर मूर्ती खोटी नाही, पण विकताना भाव पडतो.

जिम शोर यांची 'डिस्ने ट्रॅडिशन्स' ही एनेस्को कंपनीची मालिका पूर्णपणे वेगळ्या वळणाची. रेझिनची, लाकूड कोरल्यासारखी दिसणारी, झग्यावर गोधडीच्या ठिगळांसारखी नक्षी. हिमगौरी इथे पडद्यावरची न राहता लोककलेतली होते. ज्याला चित्रपटाशी तंतोतंत साम्य हवं त्याला हे रुचणार नाही. ज्याला घरात ऊब देणारी, दुरूनही रंगीत दिसणारी वस्तू हवी त्याला चिनी माती थंड वाटेल.

तुटण्याची रीतही वेगळी. चिनी मातीची मूर्ती पडली तर बोट, पक्षी, फुलाची पाकळी असा नाजूक भाग स्वच्छ तुटतो आणि चांगला कारागीर तो बेमालूम जोडतो. रेझिनचा टवका उडतो आणि आतला पांढरट गर दिसतो. रंग लावून तो झाकता येतो, पण बाजूच्या जुन्या रंगाशी छटा जुळवणं कठीण. जोडकाम ओळखायला अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा: नवा गोंद आणि वरून दिलेला रंग बाकीच्या पृष्ठभागापेक्षा वेगळा चमकतो. चिनी माती नखाने हलकेच वाजवा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे.

फार जुन्या वस्तूंचा मोह झाला तर एक इशारा. १९३८ च्या सुमारास ओहायोतल्या सायबर्लिंग लेटेक्सने रबराची हिमगौरी आणि बुटके काढले. ते दिसायला गोड, पण जुनं रबर आतून कडक होतं, त्याला भेगा पडतात आणि ही गोष्ट परत फिरवता येत नाही. असा संच घेतलाच तर गरम खोलीत, काचेवर थेट पाय टेकवून ठेवू नका.

आठांचा हिशेब

या चित्रपटाच्या मूर्तींची खरी कसोटी संच पुरा करण्यात आहे. २३ फेब्रुवारी १९३९ रोजी अकादमीने डिस्नेला एक पूर्ण आकाराचा आणि सात छोटे असे ऑस्कर दिले. हिमगौरी एकटी शोभत नाही हे तेव्हाच सगळ्यांना उमगलं होतं. एकेक बुटका घेत गेलात तर सातवा हमखास अडतो, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्यात प्रमाणाचा घोळ: वेगवेगळ्या मालिकांतले बुटके उंचीला जुळत नाहीत, आणि डोपी ग्रम्पीपेक्षा डोकंभर उंच दिसला की सगळी मांडणी बिघडते. पूर्ण संच एकदम मिळत असेल तर थोडा जास्त भाव देऊन तोच घ्या. पैसे पुरत नसतील तर हिमगौरी आणि डोपी ही जोडी घ्या. दाढी नसलेला तो एकटाच असल्याने जोडी लगेच ओळखू येते आणि अर्धवट वाटत नाही.

ठेवायची जागा आधी, वस्तू नंतर

सेलला आर्द्रता ४० ते ५० टक्के आणि २० अंशांखालचं स्थिर तापमान हवं. फार कोरड्या हवेत पोपडे, फार दमट हवेत रंग चिकट होऊन पाटीला धरतो. फ्रेममध्ये काच आणि सेल यांच्यात ३ ते ६ मिलिमीटर अंतर ठेवणारी पट्टी असावी, काच अतिनील किरण अडवणारी असावी, आणि फ्रेम हवाबंद नको. नायट्रेटमधून निघणारा आम्लयुक्त वायू कोंडला तर विघटन वाढतं. रेखाटनाला आम्लमुक्त पुठ्ठा आणि मंद उजेड, ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, पुरे. एवढी व्यवस्था घरात होत नसेल तर मूळ सेल घेऊ नका, कितीही मनात भरला तरी. मूर्तींना बंद काचकपाट, आत गरम होणारा दिवा नको, आणि मूर्ती घसरू नये म्हणून तळाला संग्रहालयात वापरतात तसा मेणाचा छोटा गोळा. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झाडा. भाजल्यानंतर वरून दिलेला रंग पाण्याने सुटतो, म्हणून मूर्ती धुवायची नाही.

पार्सल उघडताना घाई करू नका. जुन्या खोक्यातला थर्मोकोल साचा दोन्ही हातांनी सरळ वर उचला आणि मूर्ती बाहेर काढण्याआधी साच्याच्या खाचा बोटाने चाचपा. हिमगौरीच्या हातावरचा पक्षी तुटतो तो बहुतेक वेळा प्रवासात नव्हे, याच क्षणी, आणि तुकडा साच्यात राहून कचऱ्यात जातो.