मिनिटाला दहा समा: धावताना काय ऐकावं, दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी पळायला सुरुवात केली. वय ४६, शाळेनंतर कधी मैदानावर पाय ठेवलेला नाही. बडोद्यातल्या दांडिया बाजारातून पहाटे साडेपाचला निघायचं, विश्वामित्री नदीवरचा पूल ओलांडून काळ्या घोड्याच्या पुतळ्यापर्यंत चालत जायचं आणि मग कमाटीबागेत फेऱ्या मारायच्या. आठवड्यातून चार दिवस. दहा महिन्यांत पळणं जितकं शिकले तितकंच पळताना काय ऐकावं हेही शिकले. त्याबद्दल लिहितेय, कारण मला सुरुवातीला कुणीच हे नीट सांगितलं नव्हतं.

मुद्दा आधीच सांगते. गाणं आवडतं का, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की त्याची लय किती आहे, आणि ती शेवटपर्यंत तेवढीच राहते का.

पहिला महिना मी फोनमधल्या ॲपवरची तयार यादी लावली. नाचाची हिंदी गाणी, भांगडा, मधेच एखादं इंग्रजी. जोश यायचा, खरंच यायचा. पण एक गाणं मिनिटाला १२५ ठोक्यांचं, पुढचं १७५ चं. पाय नकळत गाण्यामागे जायचे. दहा मिनिटांत छाती भरून यायची, मी बाकावर बसायची आणि वाटायचं की हे आपल्याच्याने होणार नाही.

माझे काका रावपुऱ्यात राहतात. त्यांनी चाळीस वर्षं तबला शिकवला. एका रविवारी त्यांच्याकडे गेले तेव्हा ही यादी त्यांना ऐकवली. ते आरामखुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरत होते आणि प्रत्येक गाण्याला बोट थांबवून पुन्हा सुरू करत होते. चौथ्या गाण्याला म्हणाले, "अगं, ही सगळी वेगवेगळ्या घरची माणसं आहेत. एकाबरोबर चाललीस की दुसरा हात धरून ओढतो. तुझ्या पायाची लय किती ते मोज आधी. गाणं मग शोधू."

मोजायला काही लागत नाही. सहज पळत असताना तीस सेकंद फक्त उजवा पाय मोजायचा आणि चारने गुणायचं. माझा आकडा ३८ आला, म्हणजे मिनिटाला १५२ पावलं. पळणाऱ्यांमध्ये १८० हा आकडा मंत्रासारखा सांगितला जातो. तो आला जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाकडून. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावलं मोजली होती आणि जवळजवळ सगळेच १८० किंवा त्याहून जास्त निघाले. पण ते जगातले निवडक धावपटू, शर्यतीच्या वेगात. आपण कमाटीबागेत पहाटे सावकाश पळताना तो आकडा गाठायला जाऊ नये. मी १६० ठरवला.

काकांना १६० सांगितलं तर ते खुशच झाले. "म्हणजे तीनतालाची दहा आवर्तनं!" तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा; त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे आवर्तन आणि फेऱ्याची पहिली मात्रा म्हणजे सम. प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकलं तर मिनिटाला बरोबर दहा समा.  मिनिटभरात दहावी सम आली तर आपण लयीत आहोत. नऊच आल्या तर रेंगाळतोय. मला हा हिशेब इतका आवडला की पहिले काही दिवस मी नुसत्या समाच मोजत पळाले.

आता यादीत काय टिकलं ते.

सगळ्यात वर लेहरा. तबला शिकणाऱ्यांच्या घरी हा शब्द रोजचा आहे. तबलजी एकटा वाजवत असतो तेव्हा हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते, ताल दाखवत. ती ओळ म्हणजे लेहरा. रियाजासाठी त्याची ॲपं मिळतात. ताल निवडायचा, राग निवडायचा आणि लयीचा आकडा टाकायचा. १६० म्हटलं की अर्ध्या तासानंतरही १६०. ऐकायला कंटाळवाणं वाटेल असं मला वाटलं होतं. चंद्रकंसातला लेहरा लावून पहिल्यांदा पळाले तेव्हा दुसऱ्या फेरीत मी ओळ ऐकणं सोडून दिलं होतं, आणि पाय मात्र तिच्यातच होते. गाण्याला शब्द असले की मन अर्थाकडे जातं, गाणं संपलं की मन बाहेर येतं. लेहरा संपतच नाही. नव्याने पळायला लागलेल्या माणसाला मी एकच गोष्ट सुचवायची असेल तर हीच सुचवेन.

त्याखालोखाल नाट्यसंगीत आणि द्रुत म्हणजे जलद लयीतल्या बंदिशी. साधारण ८० च्या लयीतलं गाणं असेल तर एका मात्रेला दोन पावलं बसतात, फार छान बसतात. जलद तराणे १६० च्या आसपास मिळाले तर एकास एक. इथे एक अडचण येते. ठोके मोजणारी ॲपं तबल्याला फसतात. कधी दुप्पट आकडा सांगतात, कधी निम्मा. स्वतः बोटाने ठेका धरून मोजलेलं बरं. आणि गाण्याची लय ॲपमधून ताणून किंवा दाबून १६० ला आणायच्या फंदात पडू नये. थोडासा फरक चालतो, पण जास्त ताणलं की तबल्याच्या चाटीवरचा, म्हणजे काठावरचा, ‘ना’ फाटल्यासारखा येतो. मला तो सहन होत नाही.

फेब्रुवारीत मात्र माझी चूक झाली. सतारीचं एक मोठं ध्वनिमुद्रण मिळालं, त्यातली गत, म्हणजे तालात बांधलेली रचना, १६० च्या जवळ सुरू होत होती. लावलं आणि निघाले. लय कधी वाढत गेली कळलंच नाही. वादन झाल्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या अतिजलद भागापर्यंत, पोचलं तेव्हा मी बागेतल्या म्युझियमच्या वळणावर अक्षरशः उडत होते, आणि इतकं सुंदर वाटत होतं की थांबावंसं वाटेना. असे लागोपाठ चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि डाव्या नडगीतून कळ गेली. तीन आठवडे पळणं बंद. काका म्हणाले, "लय वाढवत नेणं हा मैफिलीचा धर्मच आहे. बसून ऐकणाऱ्यासाठी आहे तो." तेव्हापासून मैफिलीचं ध्वनिमुद्रण असेल तर मी आधी शेवटची दोन मिनिटं मोजते. सुरुवातीपेक्षा दहाने जास्त असेल तर तेवढा भाग कापून टाकते.

गरब्याचंही तेच. आमच्या बडोद्यात गरबा म्हणजे काय हे सांगायला नको, आणि नॉनस्टॉप गरबा चाळीस मिनिटं सलग मिळतो म्हणून सोयीचाही वाटतो. पण रात्र चढते तशी लय चढते. मी त्यातले पहिल्या पंधरा मिनिटांचे तुकडेच वापरते. त्या तुकड्यांत एक वेगळंच सुख आहे. गरब्याचा हींच हा ताल सहा मात्रांचा, तीन आणि तीन. मात्रेला एक पाऊल टाकलं तर पहिला जोर डाव्या पायावर येतो आणि चौथ्या मात्रेचा जोर उजव्यावर. तीनतालात मात्र सम नेहमी त्याच पायावर येते, कारण सोळा सम संख्या. नडगी दुखल्यानंतर हे माझ्या लक्षात आलं: मी समेवर जरा जास्तच दाबून पाय टाकत होते, आणि तो दर वेळी डावाच होता! दुखण्याचं कारण तेवढंच होतं असं मी म्हणणार नाही. पण आता आठवड्यातून एक दिवस रूपक ताल लावते. सात मात्रा, म्हणून सम एकदा डाव्यावर, एकदा उजव्यावर. शिवाय रूपकाची सम खालीची, म्हणजे बिनटाळीची, तिथे डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा डावा) दणकत नाही, पाऊलही आपोआप हलकं पडतं.

सावकाश पळायच्या दिवसाला अभंग. भजनी ठेक्यात, टाळ-पखवाजाच्या मध्यम लयीत. वारकरी पावली खेळत दिवस दिवस चालतात ते काही उगाच नाही. ती लय माणसाला पुढेही नेते आणि आवरूनही धरते. ज्या दिवशी जास्त पळायचं असतं त्या दिवशी मला जोश नको असतो, लगाम हवा असतो.

आणि बुधवारी जुन्या तबकड्या. हा माझा आवडता शोध. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटांची. गायकांना तेवढ्यात सगळं मांडावं लागायचं, त्यामुळे लय बहुतेक शेवटपर्यंत पक्की राहते. तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं चालणं, असे पाच वेळा. गजर लावायची गरज नाही, तबकडी संपली की थांबायचं. गायक उस्ताद फैयाज खाँ आपल्या बडोद्याच्या दरबारचे, १९५० साली गेले तेही इथेच. सूरसागराजवळच्या ज्या म्युझिक कॉलेजमध्ये काका शिकले, त्याचं मूळ म्हणजे मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेली गायनशाळा. त्या गावच्या रस्त्यावर खाँसाहेबांचा तो भरदार आवाज कानात घेऊन पळताना माझ्या अंगावर काटा येतो.

एक मर्यादा सांगायला हवी. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत यांवर बरीच वर्षं काम केलं आहे. जोर हलका किंवा मध्यम असेल तोवर संगीताने थकवा कमी जाणवतो. जोर अगदी टोकाला गेला की शरीराची हाकच मोठी होते, असं त्या अभ्यासांत दिसलं. माझा अनुभव तंतोतंत तोच. बुधवारची पाचवी तबकडी मला ऐकूच येत नाही.

आता हेडफोनबद्दल. मी कान मोकळे ठेवणारे, गालाच्या हाडावरून आवाज पोचवणारे घेतले. कारण साधं: पहाटेची कुत्री, मागून येणाऱ्या दुचाकी आणि एकटी बाई. या तिन्हींसाठी कान उघडे लागतातच. त्या बाबतीत पूर्ण समाधान आहे. पण यात डग्गा जातो. चाट, किनार, टाळ स्वच्छ येतात. डग्ग्याचा घुमारा आणि पखवाजाचा ‘धा’ पातळ होतो. रहदारीच्या रस्त्यावर आवाज वाढवावासा वाटतो, तो मोह टाळा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि आवाज वाढला की हे तास भराभर कमी होतात. पावसाळ्यात घामाने आणि ओलाव्याने चार्जिंगच्या पिना हिरव्या पडल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण वॉरंटीत असूनही त्यांनी हात वर केले. पळून आल्यावर सुक्या फडक्याने पिना पुसत चला, मी ते सहा महिने केलं नव्हतं.

जुलै-ऑगस्टमध्ये पुलाजवळ मी काहीच ऐकत नाही. विश्वामित्रीला पाणी चढलं की मगरी काठावर, कधी रस्त्यावरही येतात. बागेच्या फाटकातून आत गेल्यावरच सुरू करते. आठवड्यातला एक दिवस तर पूर्ण बिनसंगीताचा. त्या दिवशी पाय स्वतः किती लय धरतात ते मोजते. नोव्हेंबरात १५२ होती, आता १६१ येते, काही न लावता. पाच किलोमीटरला ४३ मिनिटं लागायची, आता ३६ लागतात.

गेल्या महिन्यात काकांनी स्वतः हार्मोनियमवर लेहरा वाजवून दिला. बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, म्हणून मेट्रोनोम १६० वर लावून बसले, मी फोनवर टिपून घेतलं. बारा मिनिटं, चंद्रकंस. आठव्या मिनिटाला त्यांना खोकला आला, पण हात थांबला नाही, समेवर बरोबर आले. तो खोकला मी कापलेला नाही. माझी तिसरी फेरी तिथेच सुरू होते.